उम्म अली: वाटी एक, हिशोब दोन

(हा आपल्या पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त आकडे नीट वाचता यावेत म्हणून थोडी मांडणी केली आहे. लोकलमध्ये नेटवर्क गेलं तरी वाचता येईल!)



आज आपण एका गोड पदार्थाच्या पोटात शिरणार आहोत. नाव आहे उम्म अली. देश इजिप्त. पाव किंवा पेस्ट्रीचे तुकडे, गरम दूध, साखर, वरून साय आणि सुकामेवा, आणि हे सगळं ओव्हनमध्ये वरून लालसर होईपर्यंत भाजलेलं. कैरोत हा पदार्थ मातीच्या छोट्या भांड्यात येतो, वाफाळता. आणि दुबई, दोहा, मस्कतला असलेल्या आपल्या मंडळींना तो नवीन नाही. तिकडच्या हॉटेलांत बुफे असला, त्यातही रमजानचा असला, की गोडाच्या टेबलावर उम्म अलीचं मोठं भांडं हमखास दिसतं.

आता या पदार्थाबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणजे, "अरे दूध आहे, बदाम आहेत, घरगुती आहे, पौष्टिकच की!" आणि दुसरं, "बापरे, साखर! हात लावू नको." गंमत अशी की दोन्ही मतं अर्धवट आहेत. उम्म अलीतल्या कॅलरींचा मोठा भाग साखरेतून येतच नाही. आणि कॅलरी कमी केलेली उम्म अली शुगर असलेल्या माणसासाठी आपोआप सुरक्षित होत नाही. हे कसं, तेच आज बघायचंय.

आधी नाव

उम्म अली म्हणजे "अलीची आई". इजिप्तमध्ये बोलताना "ओम्म अली" असंही ऐकू येतं. आपल्याकडे गावात बाईला तिच्या नावाने हाक न मारता "बाळूची आई" म्हणतात ना, अगदी तसंच.

ही अली कोणाचा आणि आई कोण, याची एक दंतकथा आहे. तेराव्या शतकात इजिप्तवर शजर अद-दुर्र नावाच्या राणीने थोडे दिवस राज्य केलं, मग तिने ऐबक या सरदाराशी लग्न केलं आणि तो सुलतान झाला. १२५७ मध्ये ऐबकचा खून झाला. त्याच्या पहिल्या बायकोचा मुलगा अली गादीवर बसला आणि लवकरच शजर अद-दुर्रही मारली गेली. इथपर्यंत इतिहास. पुढची लोककथा अशी की सवतीचा काटा निघाल्याच्या आनंदात अलीच्या आईने दूध, पाव आणि मध घालून गोड केलं आणि गावभर वाटलं. खरं-खोटं कोण जाणे, पण गोष्ट मात्र पदार्थापेक्षा जास्त मसालेदार आहे.

आणखी एक शब्द सांगतो, पुढे उपयोगी पडेल. इजिप्तच्या बोलीत पावाला "ऐश" म्हणतात. अरबीत या शब्दाचा मूळ अर्थ जगणं, आयुष्य. आणि हाच शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला तो "ऐश करणे" या अर्थाने! म्हणजे त्यांच्यासाठी ऐश म्हणजे रोजची भाकरी, आपल्यासाठी ऐश म्हणजे चैन. उम्म अलीत या दोन्ही ऐश एकत्र येतात. कुठली किती, यावरच सगळा हिशोब ठरतो.

भांड्यात काय काय जातं

उम्म अलीची एकच एक ठरलेली पाककृती नाही. पण पाच गोष्टी जवळजवळ सगळीकडे असतात.

पहिली, पाव. जुन्या पद्धतीत रुकाक वापरतात. रुकाक म्हणजे पीठ, पाणी, मीठ यांची अगदी पातळ लाटून कोरडी भाजलेली पोळी. हातात घेतली की पापडासारखी मोडते. आज मात्र हॉटेलांत आणि बऱ्याच घरांत पफ पेस्ट्री वापरतात. पफ पेस्ट्री म्हणजे काय हे समजायला कुठे जायला नको. आपल्या बेकरीतली खारी डोळ्यांसमोर आणा. तेच पदर, तीच पद्धत. पिठाच्या पदरांमध्ये लोणी किंवा मार्जरीन लाटत लाटत भरायचं आणि भाजायचं. काही ठिकाणी क्रोसाँसुद्धा घालतात.

दुसरी, दूध. इजिप्तमध्ये म्हशीच्या दुधाला आपल्यासारखाच मान आहे. गायीच्या दुधात साधारण साडेतीन टक्के फॅट धरलं, तर म्हशीच्या दुधात सात टक्क्यांच्या आसपास असतं. जवळपास दुप्पट.

तिसरी, साय किंवा क्रीम. तिकडे सायीला किश्ता म्हणतात, आणि कैरोच्या बोलीत "इश्ता". तिथली तरुण पोरं "मस्त!", "चालेल!" या अर्थानेही "इश्ता!" म्हणतात. साय म्हणजेच मस्त. यावरून तिचं स्थान कळलं असेल.

चौथी, साखर. पाचवी, सुकामेवा: बदाम, पिस्ते, हेझलनट, बेदाणे, सुकं खोबरं.

एक गोष्ट लक्षात आली का? अंडं नाही. इंग्रजी ब्रेड पुडिंगमध्ये अंड्याचं कस्टर्ड असतं, उम्म अलीच्या नेहमीच्या पद्धतीत ते नसतं. त्यामुळे अंडं न खाणाऱ्यांनाही ती सहसा चालते. अर्थात बाहेर खाताना एकदा विचारून घ्या, कारण क्रोसाँवर अंड्याचा हात फिरवलेला असू शकतो.

पहिला हिशोब: कॅलरी

चला, आता वजनकाटा काढू. आठ जणांसाठी हॉटेलछाप उम्म अली करायची आहे असं समजा. साहित्य असं:

भाजलेली पफ पेस्ट्री ३०० ग्रॅम
दूध १ लिटर (गायीचं)
क्रीम २०० मिलिलिटर
साखर १५० ग्रॅम
सुकामेवा १०० ग्रॅम
बेदाणे ५० ग्रॅम
सुकं खोबरं ३० ग्रॅम

आता यातून येणाऱ्या कॅलरी. पफ पेस्ट्री साधारण १,६७० कॅलरी. दूध ६३०. क्रीम ६८०. साखर ५८०. सुकामेवा ६००. बेदाणे १५०. खोबरं २००. बेरीज होते ४,५०० च्या जवळपास. आठ वाट्या केल्या तर एका वाटीत साधारण ५६० कॅलरी.

हे आकडे अंदाजे आहेत, ब्रँड बदलला की थोडे पुढे-मागे होणारच. पण चित्र स्पष्ट आहे. ५६० कॅलरी म्हणजे एक पूर्ण जेवण. आणि ही वाटी आपण जेवणानंतर खातो.

आता गंमत बघा. या वाटीत घातलेली साखर किती? १५० भागिले आठ, म्हणजे साधारण १९ ग्रॅम. त्याच्या कॅलरी ७५. म्हणजे ५६० पैकी फक्त ७५! आणि फॅट किती? सुमारे ३६ ग्रॅम. एक ग्रॅम फॅट म्हणजे ९ कॅलरी, या हिशोबाने ३२० च्या वर कॅलरी एकट्या फॅटमधून. अर्ध्याहून जास्त.

आणि हे फॅट येतं कुठून? सगळ्यात मोठा वाटा पफ पेस्ट्रीचा, वाटीमागे १४ ग्रॅम. मग क्रीम, ९ ग्रॅम. सुकामेवा ६, दूध ४, खोबरं अडीचच्या आसपास. म्हणजे ज्याला आपण "पाव" समजून सोडून देतो, तोच खरा कॅलरीचा गाडा ओढतोय. पेस्ट्री आणि क्रीम या दोघांनी मिळून निम्म्याहून जास्त कॅलरी आणल्या.

त्यामुळे "भैया, साखर कमी टाका" एवढं सांगून ही वाटी हलकी होत नाही. साखर निम्मी केली तरी वाटीमागे ३५-४० कॅलरी कमी होतील. ५६० च्या ५२०. बस.

फॅट कुठलं, हेही बघा

सगळं फॅट सारखं नसतं. बदाम-पिस्त्यातलं फॅट बहुतेक असंतृप्त असतं, हृदयासाठी ते बरं. लोणी, क्रीम, खोबरं यांतलं बहुतेक संतृप्त. हॉटेलछाप वाटीत संतृप्त फॅट साधारण १५ ते १८ ग्रॅमपर्यंत जातं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी कॅलरी संतृप्त फॅटमधून याव्यात. २,००० कॅलरींच्या आहारात ही मर्यादा होते २२ ग्रॅम. म्हणजे एका वाटीतच दिवसाचा जवळपास पाऊण कोटा संपला.

पेस्ट्री लोण्याऐवजी मार्जरीनची किंवा वनस्पती तुपाची असेल तर ट्रान्स फॅटचा प्रश्न येतो. हे फॅट वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं, म्हणजे दोन्हीकडून मार. भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात २ टक्क्यांहून जास्त ट्रान्स फॅट ठेवायला परवानगी नाही. इजिप्तमध्येही २०२३ मध्ये कडक नियम लागू झाले. ही चांगलीच बातमी. पण ट्रान्स फॅट गेलं म्हणजे फॅट गेलं असं नाही. त्याच्या जागी बहुतेक वेळा पाम तेलासारखं संतृप्त फॅट येतं. पाकिटावर "झिरो ट्रान्स फॅट" दिसलं तरी खालची संतृप्त फॅटची ओळ वाचायचीच.

मग चांगलं काही आहे की नाही?

आहे ना! याच वाटीत साधारण १० ग्रॅम प्रोटीन आहे, बहुतेक दूध, सुकामेवा आणि पिठातून. कॅल्शियम १८० मिलिग्रॅमच्या आसपास. मोठ्या माणसाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा. जिलबी किंवा गुलाबजामशी तुलना केली तर उम्म अलीकडे दाखवायला काहीतरी आहे.

फायबर मात्र फार नाही, वाटीमागे अडीच-तीन ग्रॅम, कारण पीठ मैद्याचं. आणि सुकामेव्याचं कौतुक करताना प्रमाण विसरू नका. १०० ग्रॅमचे आठ वाटे केले की एकाच्या वाट्याला आले १२ ग्रॅम. म्हणजे दहाएक बदाम. ते चांगलेच आहेत, पण तेवढ्यासाठी ५६० कॅलरींची वाटी "पौष्टिक" ठरत नाही. बदामच हवे असतील तर सकाळी भिजवून खा की.

तीच उम्म अली, पण हलकी

आता पाव बदलू. पफ पेस्ट्रीऐवजी जुन्या पद्धतीचं रुकाक घ्या, २०० ग्रॅम. दूध तेवढंच, १ लिटर, पण ३ टक्के फॅटचं. क्रीम नाही, वरून दुधाचीच साय धरू द्यायची. साखर ८० ग्रॅम. सुकामेवा ६० ग्रॅम, बेदाणे ५० ग्रॅम. खोबरं नाही.

बेरीज होते साधारण २,१८०. एका वाटीला सुमारे २७० कॅलरी. म्हणजे निम्म्याहून कमी! फॅट ३६ ग्रॅमवरून ८ वर आलं. आणि प्रोटीन? १० वरून ८. म्हणजे जे चांगलं होतं ते जवळपास तसंच राहिलं, वजा झालं ते मुख्यतः लोणी आणि क्रीम.

थोडक्यात, अलीच्या आईची वाटी आणि हॉटेलच्या बुफेतली वाटी यांचं नाव एक आहे, पण शरीराला त्या दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत.

आपल्याकडे रुकाक मिळत नाही. घरी करून बघायचं असेल तर साध्या पोळ्या पातळ लाटून तव्यावर तेल न लावता कडक भाजा आणि तुकडे करा. चव अगदी कैरोची नाही येणार, पण हिशोब तोच राहील. गव्हाचं पीठ असल्यामुळे फायबर उलट थोडं वाढेल. खारी घालून पटकन करायचा मोह होईल, आणि लागतेही झकास, पण मग तुम्ही पुन्हा पहिल्या हिशोबात गेलात हे लक्षात ठेवा.

दुसरा हिशोब: रक्तातली साखर

आता खरा महत्त्वाचा भाग. आमच्याकडे येणाऱ्या व्हॉइस मेसेजमध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या रूपात सतत येतो. कोणी गल्फमध्ये नोकरीला आहे, आई-बाबा महिनाभर राहायला आलेत, बाबांना शुगर आहे, आणि सगळे मिळून बाहेर जेवायला गेलेत. बाबा गोडाच्या टेबलापाशी उभे. "हे काय, दूध-पावच तर आहे. थोडं घेतो." मुलाला कळत नाही, नाही म्हणायचं की घेऊ द्यायचं.

हा काही एका घराचा प्रश्न नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार २० ते ७९ वयाच्या लोकांमध्ये भारतात ७ कोटी ४२ लाख जणांना मधुमेह होता, आणि इजिप्तमध्ये १ कोटी ९ लाख. इजिप्त तेव्हा जगातल्या पहिल्या दहा देशांत होता. म्हणजे उम्म अली जिथली, तिथल्या घराघरांतही हाच प्रश्न आहे.

या प्रश्नाला कॅलरीचा हिशोब लावून चालत नाही. इथे बघायचे ते कार्बोहायड्रेट, एकूण. कारण रक्तातली साखर फक्त चमच्याने घातलेल्या साखरेने वाढत नाही. मैदा, दुधातली लॅक्टोज, बेदाणे, सगळ्यांची शेवटी साखरच होते.

हॉटेलछाप वाटीत कार्बोहायड्रेट साधारण ५१ ग्रॅम. आणि आपल्या हलक्या वाटीत? ४२ ग्रॅम. बघा, कॅलरी निम्म्याहून खाली आल्या, पण कार्बोहायड्रेट जेमतेम पाचव्या हिश्शाने कमी झाले. रुकाक म्हणजे शेवटी पीठच ना.

हे पोळीच्या भाषेत सांगतो. ३० ग्रॅम कणकेची एक मध्यम पोळी म्हणजे साधारण २१ ग्रॅम कार्बोहायड्रेट. म्हणजे हलकी वाटी म्हणजे दोन पोळ्या, आणि हॉटेलची वाटी म्हणजे अडीच पोळ्या. जेवण झाल्यावर बाबांना कोणी "अजून दोन पोळ्या घ्या" म्हटलं तर ते नाही म्हणतील. पण वाटीतल्या पोळ्या दिसत नाहीत, एवढाच फरक.

मग काय करायचं? सरळ अदलाबदल. अर्धी वाटी घ्यायची असेल तर त्या जेवणात एक पोळी किंवा तेवढा भात आधीच कमी करायचा. वर भर नाही, बदली. अर्धी वाटी वाटून घ्या, दुसरी अर्धी तुम्ही खा. आणि जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. लगेच गाडीत बसण्यापेक्षा मॉलचा एक फेरा मारलात तरी साखर चढायला थोडा लगाम बसतो.

एक सावधगिरी मात्र नीट ऐका. जास्त फॅट असलेलं खाल्लं की पोट हळू रिकामं होतं. त्यामुळे साखर लगेच न चढता उशिरा चढू शकते. तासाभराने ग्लुकोमीटरवर आकडा छान दिसला, म्हणून "बघ, काही झालं नाही" असं म्हणत दुसरी वाटी घेतली, आणि तीन तासांनी आकडा वर गेला, असं होऊ शकतं. हॉटेलछाप वाटीत हे जास्त घडू शकतं. आणि गोड खाल्लं म्हणून स्वतःच्या मनाने इन्सुलिन किंवा गोळी वाढवू नका. तो निर्णय डॉक्टरांचा. सणाला किंवा प्रवासाला जाण्याआधी एकदा विचारून ठेवलं तर टेबलावर वाद होत नाही.

"मग गूळ घालू का? खजूर? मध?"

हे विचारणार हे माहीत होतं! गूळ, मध, खजुराचा पाक, कशानेही गोड केलं तरी कार्बोहायड्रेटचा हिशोब फारसा बदलत नाही. चव बदलते, रंग बदलतो, पण रक्तात गेल्यावर शेवटी हिशोब साखरेचाच. मध आणि पाक तर जागतिक आरोग्य संघटनेच्या "मुक्त साखर" या गटातच मोडतात. त्यांचा सल्ला असा की ही मुक्त साखर दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांखाली ठेवा, आणि जमलं तर पाच टक्क्यांखाली. २,००० कॅलरींच्या आहारात पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. आपल्या हॉटेलछाप वाटीत १९ ग्रॅम होती. सकाळपासूनचे दोन चहा धरलेत तर कोटा पूर्ण.

आणि कंडेन्स्ड मिल्कपासून जपून. काही ठिकाणी घट्टपणासाठी तो ओततात. ४०० ग्रॅमच्या एका डब्यात, दुधातली धरून, दोनशे ग्रॅमहून जास्त साखर असते. वर "आम्ही साखर घातलीच नाही" असंही सांगता येतं!

ॲपमध्ये आकडे वेगळे का दिसतात?

तुमच्यापैकी बरेच जण कॅलरी मोजायचं ॲप वापरतात. त्यात "उम्म अली" शोधलं आणि एका ठिकाणी २५० दिसलं, दुसरीकडे ५६०, तर गोंधळू नका. दोन्ही बरोबर असू शकतं. आपली हॉटेलछाप वाटी वजनाला साधारण सव्वादोनशे ग्रॅम भरते. म्हणजे १०० ग्रॅमला २५० कॅलरी आणि वाटीला ५६०. एक नोंद १०० ग्रॅमची, दुसरी पूर्ण वाटीची. म्हणून आधी बघा, आकडा कशामागे आहे.

दुसरं, नावावर नोंद करण्यापेक्षा साहित्यावर करा. पेस्ट्री किती, दूध किती, क्रीम किती, हे टाकून वाटे करा. घरी केलं असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. आणि एक चमचा, दोन चमचे असं लिहिण्याऐवजी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. क्रीमचा "एक चमचा" प्रत्येक घरात वेगळा असतो, हे आपण सगळे जाणतो.

कोणासाठी छान, कोणी जपून

एवढं सगळं ऐकून कोणाला वाटेल की उम्म अली म्हणजे खलनायकच. तसं अजिबात नाही. जास्त कॅलरी हा दोष की गुण, ते खाणाऱ्यावर ठरतं. आजारातून उठलेली, भूक मंदावलेली आजी असेल, तर मऊ, गरम, दातांना त्रास न देणारी आणि थोड्याशा खाण्यात बरंच देणारी वाटी तिच्यासाठी वरदान आहे. फक्त सुकामेव्याची पूड करून घाला. वजन वाढत नाही म्हणून वैतागलेला, रोज मैदानावर खेळणारा पोरगा असेल, त्यालाही चालेल.

जपून कोणी? दूध पचत नाही त्यांनी. दूध उकळल्याने किंवा भाजल्याने लॅक्टोज नाहीशी होत नाही, त्यामुळे "शिजवलेलं आहे, चालेल" हा समज चुकीचा. त्यांनी लॅक्टोजमुक्त दूध वापरावं. सुकामेव्याची ॲलर्जी असेल तर बुफेतली उम्म अली टाळाच. वरचे बदाम बाजूला केले तरी आत पूड मिसळलेली असते. सीलिॲक आजार असेल तर रुकाक असो की पेस्ट्री, दोन्ही गव्हाचेच. आणि पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे बदाम-पिस्ते नकोत, घशात अडकू शकतात.

रमजानच्या टेबलाबद्दल

उम्म अली वर्षभर मिळते, पण रमजानमध्ये तिची गाठ जास्त पडते. दिवसभराच्या रोजानंतर इफ्तारला खजूर, पाणी, सूप, मग जेवण, आणि मग गोड. गोडात उम्म अली एकटी नसते. शेजारी कुनाफा असतो, कतायेफ असतात. दिवसभर पोट रिकामं असल्यावर हात भराभर चालतो, आणि पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो.

त्यामुळे एक सोपी युक्ती. गोड जेवणाला चिकटून खाऊ नका. जेवण झालं, थोडा वेळ जाऊ दिला, बोललात, चाललात, आणि मग एकाच गोडाची छोटी वाटी घेतली. तिन्ही गोडांचे तीन-तीन घास घेण्यापेक्षा एकच मनापासून खा. आणि गरम असतानाच खा, कारण गार झालेली उम्म अली गोळा होऊन बसते आणि मजा जाते, कॅलरी मात्र तेवढ्याच राहतात!

ऑर्डर करण्याआधी तीन प्रश्न

बाहेर खाताना वेटरला एवढंच विचारा.

पाव कुठला? पेस्ट्री, क्रोसाँ की रुकाक?
वर क्रीम आहे की दुधाची साय? कंडेन्स्ड मिल्क घातलाय का?
एक भांडं किती जणांचं?

पहिल्या दोन प्रश्नांतून कॅलरीचा हिशोब कळतो. तिसऱ्यातून तुमच्या वाट्याचा. आणि घरात कोणाला शुगर असेल तर उत्तर काहीही आलं तरी पोळीची अदलाबदल करायचीच, कारण तो हिशोब पावाच्या प्रकाराने फारसा बदलत नाही.

म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं, "उम्म अली हेल्दी आहे का रे?", तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. उलट विचारा, "कोणासाठी? आणि कुठल्या पावाची?"

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. घरी रुकाकऐवजी कडक पोळीची उम्म अली करून बघितलीत तर कशी झाली ते व्हॉइस मेसेजवर नक्की सांगा. आणि हा भाग त्या मित्राला पाठवा जो गल्फमध्ये आहे आणि ज्याचे आई-बाबा पुढच्या महिन्यात तिकडे जाणार आहेत. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, खात राहा, आणि मोजून ऐश करा!